नॉक्स सेन्सरच्या नावाखाली १,६९,५०० ची टोपी, पोकलेनवाल्यांनी जरूर वाचा

आधीच सांगतो, मी काही कालचा पोरगा नाही. मशीनच्या धंद्यात केस पांढरे झालेत, हायड्रॉलिक पंप गेलाय म्हणून कोणी उगाच सांगितलं तर नुसत्या आवाजावरून पकडतो. पण हे युरिया, एससीआर, नॉक्स प्रकरण आलं (नॉक्स म्हणजे धुरातला विषारी वायू, एससीआर म्हणजे युरिया फवारून तो मारणारा सायलेन्सरमधला डबा) आणि भलेभले मालक अडाणी झाले, आणि या लॅपटॉपवाल्यांना नेमकं तेच ठाऊक आहे.

पोकलेन गार असताना मस्त चालायची. गरम झाली की पिवळा दिवा, थोड्या वेळाने आरपीएम पडायचं, भरलेली बकेट उचलायची म्हटलं की इंजिन कण्हायचं. डिस्प्लेवर कोड दोनच, एसपीएन ३२१६ एफएमआय ९ आणि एसपीएन ३२२६ एफएमआय ९. एसपीएन म्हणजे कुठला भाग, एफएमआय म्हणजे बिघाड कसला. पहिला एससीआरच्या आधीचा नॉक्स सेन्सर, दुसरा नंतरचा. कंपनीच्या सर्व्हिसवाल्यांनी लांबची तारीख दिली, साईटवर टिपर रांगेत उभे, हप्ता काय थांबतो का कोणासाठी, मग एकाने नंबर दिला त्या "डायग्नोस्टिक एक्सपर्ट"ला बोलावलं. व्हिजिट चार्ज ६,५००, तोही आधी ऑनलाइन टाकायला लावला. इथेच शिंक आली होती खरं तर.

आला, केबिनमधल्या नऊ पिनच्या कपलरला केबल लावली, लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. लाल लाल नऊ ओळी. दोन्ही नॉक्स, डोझिंग व्हॉल्व्ह, युरिया टाकीची लेव्हल, डीपीएफचं (काजळी अडवणाऱ्या फिल्टरचं) डिफरन्शियल प्रेशर, काय नव्हतंच असं नाही. मी विचारलं, "दादा, डिस्प्लेवर तर दोनच आहेत." तर म्हणाला, "शेठ, डिस्प्ले वरवरचं दाखवतो, आतलं लॅपटॉपलाच दिसतं." आणि मी गप्प बसलो! त्या स्क्रीनचा फोटो अजून मोबाईलमध्ये आहे आणि रोज बघून जळतो, कारण वरच्या टॅबवर स्वच्छ लिहिलंय "प्रीव्हियसली ॲक्टिव्ह". म्हणजे जुने, मेलेले कोड. टाकीच्या लेव्हलचा कोड तर आम्हीच टाकी धुताना कपलर काढून चावी लावली होती तेव्हाचा. चालू फॉल्टची यादी वेगळी असते आणि जुन्याची वेगळी, हे आता मला कोणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पण भर उन्हात, मशीन बंद, मागे ठेकेदार फोनवर फोन करतोय, तेव्हा टॅब कोण वाचतं? तुम्ही वाचला असतात का, खरं सांगा.

त्याहून मोठी गोष्ट तर डोळ्यांसमोर होती. एफएमआय ९ म्हणजे सेन्सर चुकीचं रीडिंग देतोय असं नाही, त्याचा मेसेजच वेळेवर येत नाहीये. आणि त्याच फोटोत दोन्ही नॉक्सचा ऑकरन्स काउंट, म्हणजे कोड किती वेळा आला तो आकडा, ४१ आणि ४१. दोघं एकाच वेळी गप्प होतायत, एक्केचाळीस वेळा! घरातले दोन बल्ब एकदम गेले तर आपण बल्ब आणायला पळतो का, आधी फ्यूज बघतो ना. या पठ्ठ्याने मीटर बाहेर काढलाच नाही. एक कपलर उघडला नाही, एक वायर हलवून बघितली नाही. लॅपटॉप उघडून नुसता पार्ट सांगतो तो मेकॅनिक नाही, सेल्समन आहे, लिहून ठेवा.

मग खेळ सुरू. कोड क्लिअर केले, दिवा गेला, मशीन धावायला लागली. "बघा शेठ, पण हे टेंपररी." अहो क्लिअर केल्यावर दिवा जाणारच, सेन्सरचा हीटर लगेच पेटत नाही, एक्झॉस्ट तापून आतलं पाणी उडेपर्यंत तो थांबतो, त्यामुळे कोड पण उशिरा परत येतो. तेवढा वेळ याला पैसे घ्यायला पुरतो. दोन नॉक्स सेन्सर, ५९,००० चा एक, म्हणजे १,१८,०००, ऑनलाइन. खोका नवा, आत सेन्सर. टोकावर काजळी होती. मी बोट फिरवलं, बोट काळं झालं. म्हणाला कंपनीत टेस्टिंग करतात त्याची आहे. नव्या सेन्सरच्या टोकाला टोपी असते आणि आटे कोरे असतात, काजळी दिसली की तिथेच हात धरा. माझे जुने दोन्ही "एक्स्चेंज"मध्ये घेऊन गेला.

दिवा अर्थातच परत आला. आता म्हणे ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, गेला, प्रोग्रॅमिंग करावं लागेल, ४५,०००, आणि हे कॅशच. ईसीएम काढून नेला, आणून बसवला, आणि काय सांगू, मशीन खरंच एकदम ओके! दिवा नाही, पॉवर फुल. मी त्याला वरून चहापाणी पण केलं.

काही दिवसांनी ऑपरेटर म्हणाला, "शेठ, युरिया कमीच होत नाहीये." डिझेलच्या मानाने शेकडा तीन-पाच तरी युरिया जायला पाहिजे, आणि इथे काटा जागचा हलेना. तेव्हा ट्यूब पेटली. याने सॉफ्टवेअरमधून एससीआरच बंद करून टाकलेलं, मला न विचारता. मी "युरिया बंद करून द्या" असं एका शब्दाने बोललो नव्हतो, हे ठळक सांगतो, कारण पुढे सगळ्यांनी मलाच तेच ऐकवलं.

कंपनीवाल्यांनी बघितलं, म्हणे ईसीएममधलं हे सॉफ्टवेअर आमचं नाही, वॉरंटी विसरा, मूळ सॉफ्टवेअर टाकायचे २७,३००. भरले. टाकल्यावर तोच जुना कोड हसत परत हजर.

शेवटी एका जुन्या वायरमन काकांनी शोधलं. बॅटरी काढून कॅनच्या (सेन्सर आणि ईसीएम ज्यावरून मेसेज पाठवतात त्या लाईनच्या) दोन वायरींमध्ये ओहम बघितले, ६० आले, म्हणजे लाईन ठीक. १२० आले असते तर एक टर्मिनेटर (लाईनच्या टोकाचा रेझिस्टर) गायब किंवा लाईन तुटलेली. मग नॉक्सच्या कपलरवर सप्लाय बघितला, २४ व्होल्ट. मी म्हटलं बरोबर आहे की, तर म्हणाले थांबा, आणि त्याच दोन पिनांवर हेडलाईटचा २४ व्होल्टचा बल्ब लावला. बल्ब लालसर, मीटर ११ वर. दोन्ही सेन्सरची सप्लाय वायर एकच, इंजिनमागच्या क्लॅम्पखाली घासून आत तीन-चार तारा उरलेल्या, बाकी हिरवी पूड, वरचं कव्हर मात्र जवळजवळ शाबूत. हीटर करंट ओढायला लागला की व्होल्टेज कोसळायचं, दोन्ही सेन्सर गप्प, कोड ९. काकांनी २,२०० घेतले आणि क्लॅम्पखाली रबर टाकून दिलं. लोड न देता मीटरवर दिसणाऱ्या २४ व्होल्टला भुलू नका.

आता तक्रारीचं ऐका, इथे तर डोकंच फिरतं. पोलीस म्हणाले हा व्यवहाराचा वाद, दिवाणीत जा. पावती आहे का? नाही. मग? सायबरला गेलो तर माणूस समोर येऊन पैसे घेऊन गेला म्हणजे हे सायबर कसं, पुन्हा पोलिसांकडे जा. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकला. ग्राहक तक्रारीचं विचारलं तर वकील म्हणाला मशीन धंद्याची, त्यामुळे तुम्ही ग्राहक आहात हेच आधी सिद्ध करत बसा. आणि कळस म्हणजे पोलीस स्टेशनातले साहेब हसून म्हणाले, "युरियाचा खर्च वाचवायला तुम्हीच बंद करून घेतलं असेल, उगाच तक्रार केलीत तर तुमच्यावरच यायचं." म्हणजे लुटलो मी, आणि प्रदूषणाचा गुन्हेगार पण मीच! त्याचा नंबर, फोटो, ट्रान्झॅक्शन, सगळं कागदावर लावून दिलंय, साधा फोन करून त्याला बोलवायला पण कोणी तयार नाही.

कोणालाही बोलवा, पण कोड क्लिअर करण्याआधी चालू आणि जुन्या, दोन्ही याद्यांचा फोटो काउंटसकट काढा. जुना पार्ट हातचा सोडू नका. ईसीएम साईटबाहेर नेऊ देऊ नका, न्यायचाच असेल तर आधीच्या सॉफ्टवेअरचा नंबर लिहून सही घ्या. कॅश मागितली की चहा पाजून रवाना करा.

आणि एक काम. माझे ते दोन जुने सेन्सर चांगले होते, म्हणजे तो कुठेतरी नवे म्हणून बसवणारच. हेल्परने त्यांच्या कंट्रोल बॉक्सच्या मागच्या बाजूला खिळ्याने १ आणि २ कोरलंय, २ चं शेपूट उलटं आहे. कोणाला "नव्या" खोक्यात तसला निघाला तर बसवू नका, मला कळवा, सोबत पोलिसांकडे जाऊ.