अभ्यंगाचं तेल, सुती पंचे आणि गरम पाणी: बऱ्याच महिन्यांचा अनुभव

कोथरूडमधल्या एका छोट्या आयुर्वेदिक स्पामध्ये मी गेल्या पावसाळ्यापासून नेमाने जातेय. पाठीसाठी अभ्यंग (तेलाची मालिश) आणि स्वेदन (वाफेचा शेक), मध्येच कधी शिरोधारा, म्हणजे कपाळावर कोमट तेलाची संथ धार. मालिश उत्तम आहे, हात सरावलेले आहेत. पण मला लिहायचंय ते त्यांच्या 'पर्यावरणपूरक' असण्याबद्दल. बांबूचे पडदे लावले, कोपऱ्यात मातीची पणती ठेवली की हल्ली कुणीही ही पाटी लावतं.

स्पामध्ये खरी नासाडी होते ती पाणी तापवण्यात आणि कपडे धुण्यात. तिळाचं तेल टॉवेलात मुरलं की काही दिवसांत चिकट होतं, खवट वास मारतं. मग कढत पाण्यात पुन्हापुन्हा धुणं, नाहीतर टॉवेल फेकणं. इथे जाड टॉवेलच नाहीत, सुती पंचे आहेत. थोड्या पाण्यात निघतात, गच्चीवर दोरीवर भराभर वाळतात, ड्रायरची गरज पडत नाही. (तेलकट कापडं ड्रायरमधून गरम काढून ढीग करून ठेवली तर आपोआप पेट घेऊ शकतात, हे घरीही लक्षात ठेवण्यासारखं आहे.)

मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे उटणं. मालिश झाल्यावर ताई हरभऱ्याचं आणि मसुरीचं पीठ कोरडंच अंगावर चोळतात. पीठ तेल ओढून घेतं. ते ताटात झाडून ओल्या कचऱ्यात टाकतात, म्हणजे मोरीच्या नळीत तेल-पिठाचा लगदा जात नाही. आंघोळीला मग एक बादली पुरते. घासायला प्लॅस्टिकची जाळी नाही, वाळलेल्या घोसाळ्याची. ती आपली आपण घरी न्यायची.

शिरोधारेला दीड-दोन लिटर तेल लागतं. एकाचं तेल दुसऱ्याला वापरू नये हे योग्यच, पण मग त्याचं करायचं काय? विचारल्यावर त्यांनी मागचे कॅन दाखवले. ते तेल कपड्याचा साबण करणाऱ्याकडे जातं. गरम पाणी सौर बंबाचं. जुलै-ऑगस्टच्या ढगांत मात्र गिझर लावावाच लागतो, आणि हे ते लपवत नाहीत.

खटकतं ते एकच, पण मोठं. मेजावरची पातळ चादर आणि एकदा वापरून फेकायची अंतर्वस्त्रं. हात लावला तर कागदासारखी वाटतात, पण ती पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लॅस्टिकच. १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आली ती स्ट्रॉ, चमचे, पेले वगैरेंवर. या वस्तू त्या यादीत नाहीत, त्यामुळे सगळीकडे सर्रास चालतात. गिऱ्हाइकांना स्वच्छतेची शंका येते, असं व्यवस्थापक म्हणाल्या. मला हे पटत नाही. पंचे उकळून धुता येतात, तशा सुती चादरीही येतील.

तोवर आपला पंचा आणि जुनी सुती चादर घरून न्या. वेळ ठरवतानाच फोनवर सांगितलं, तर स्पावाले त्या फेकायच्या चादरीचं पाकीट उघडतच नाहीत.