तोरा वाचायची आहे: राशीसोबत की इतिहासकारांसोबत?

तोरा, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथातली, मोशे या संदेष्ट्याच्या नावावरची पाच पुस्तकं, वाचायचं ठरवलंत की लगेच दोन वाटा दिसतात. एक सिनेगॉगमधली, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळातली: वर्षभराचे 54 पाठ, शब्बाथमागून शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस), आणि सोबतीला राशीचं भाष्य. (राशिभविष्याशी संबंध नाही, हा 11व्या शतकातला, फ्रान्समधल्या त्रुआ गावचा रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू.) दुसरी विद्यापीठातली: हा ग्रंथ कोणी, कधी, कशाकशातून जुळवला? 1878 मध्ये वेलहाउझेन या जर्मन पंडिताने तिची मांडणी पक्की केली: वेगवेगळ्या काळातले चार स्रोत एकत्र विणले गेले. चारच का, यावर आजही भांडणं आहेत.

फरक जलप्रलयात लख्ख दिसतो. उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देव नोहाला प्रत्येक प्राण्याची एक जोडी घ्यायला सांगतो. सातव्यात शुद्ध पशू सात-सात. पाऊस 40 दिवस, पाण्याचा जोर 150 दिवस. राशी म्हणतो, जास्तीचे शुद्ध पशू पुढे बळी देण्यासाठी. आणि आठव्या अध्यायात नोहा खरंच बळी देतो. विद्यापीठातले म्हणतात, हे दोन कथांचे पेड आहेत. उलगडून बघा, देवाचं नावसुद्धा पेडागणिक बदलतं. मला इथे दुसरं उत्तर जास्त पटतं, पण राशीचं वाचताना मजा जास्त येते.

‘हे खरंच घडलं का?’ हाच तुमचा प्रश्न असेल तर राशी कामाचा नाही. तिथे उत्खननच लागतं. इजिप्तच्या मेर्नेप्ताह राजाच्या शिलालेखात, इ.स.पू. 1208च्या सुमारास, ‘इस्रायल’ हे नाव येतं. जेरुसलेमजवळ 1979 मध्ये चांदीच्या दोन चिमुकल्या गुंडाळ्या सापडल्या, त्यांवर गणना या चौथ्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातला आशीर्वाद कोरलेला. इस्रायलींना इजिप्तमधून बाहेर काढणाऱ्या मोशेबद्दल मात्र इजिप्तचे लेख गप्प आहेत.

तरी सुरुवात परंपरेपासूनच करा, असं मी म्हणेन. कारण विद्यापीठवाले ज्या खड्यांवर बोट ठेवतात, ते बरेचसे जुन्या भाष्यकारांच्या दाताखाली आधीच आलेले होते. ‘त्या वेळी त्या देशात कनानी होते,’ असं उत्पत्ती 12:6 म्हणतं. कनानी म्हणजे तिथले आधीचे रहिवासी. मोशेच्या काळातही ते होतेच, मग परंपरा म्हणते तसं हे मोशेनेच लिहिलं असेल तर ‘त्या वेळी’ कशाला? 12व्या शतकातल्या इब्न एझ्रा या ज्यू भाष्यकाराने लिहून ठेवलं की यात गुपित असावं, आणि जाणत्याने गप्प राहावं. त्या मौनातली मेख कळायला आधी मूळ ओळ सावकाश वाचलेली हवी. थेट स्रोतांच्या तक्त्यापासून सुरुवात केली, तर न ऐकलेल्या बंदिशीची स्वरलिपी तपासल्यासारखं होतं.

हिब्रू येत नसेल तरी अडत नाही, मराठी बायबल आहे. फक्त पाचव्या पुस्तकाचं ‘अनुवाद’ हे नाव वाचून गोंधळू नका. तिथे अर्थ भाषांतर नव्हे, पुन्हा सांगणं. कोकणातल्या बेने इस्रायलांनी, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंनी, तर याच कथांवर मराठीत कीर्तनं रचली. एखादं ऐकायला मिळालं, तर राशीच्याही आधी ते ऐका.