भैय्या चौकातला चिनीचा क्लास: सात महिन्यांनंतर

दारावर पाटी नाही. सोलापुरातल्या डॉ. कोटणीस स्मारकापासून चालत पाच मिनिटं, पहिल्या मजल्यावर मॅडमच्या हॉलमध्ये दहा खुर्च्या. आमच्या थोरलीला बारावीनंतर जेएनयूत चिनी भाषेत बी.ए. करायचंय, म्हणून नाव घातलं. वेळ रात्री आठची, तेव्हा सोडायला मीच जायचो. तिसऱ्या दिवशी वही घेऊन मीही बसलो.

पहिला महिना नुसते उच्चार. मॅडमनी एक गोष्ट सांगितली आणि माझी भीती गेली. रोमन लिपीत चिनी लिहिताना जिथं 'झेड' येतो तिथं आपल्या 'चाका'तला च म्हणायचा, 'जे' येतो तिथं 'चार'मधला. मराठी तोंडात हे दोन्ही आधीपासून आहेत! सुरांना मात्र वेळ द्यावा लागतो. एकच 'मा', पण चार सुरांत आई, ताग, घोडा आणि रागावणं.

मोजणीचंही तसंच. नुसतं 'तीन पुस्तकं' म्हणून चालत नाही, मध्ये 'बन' घालावा लागतो; कागदाला वेगळा शब्द. आम्ही चादरीवाले, 'पन्नास नग', 'दोन जण' हे दिवसभर बोलतो, त्यामुळे ते लगेच बसलं.

एका रविवारी मॅडम सगळ्यांना स्मारकात घेऊन गेल्या. १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून द्वारकानाथ कोटणीस चीनला गेले, १९४२ मध्ये ३२व्या वर्षी तिथंच वारले, हे सोलापुरात पोरासोरांना माहीत असतं. मॅडमनी आमच्याकडून त्यांच्या मुलाचं नाव चिनीत लिहून घेतलं. यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. येताना गाडीवर मागं बसून पोरगी घरापर्यंत ते नाव म्हणत होती. त्याच रात्री म्हणाली, "बाबा, मला त्या पथकावरच पीएचडी करायचीय."

इथं क्लास अपुरा पडतो. शिकवतात ती १९५६ पासून सोपी केलेली लिपी. कोटणीसांच्या काळातली तिकडची वर्तमानपत्रं वाचायची तर जुनी, जास्त रेघांची अक्षरं हवीत. ह्युएनत्संगानं सातव्या शतकात महाराष्ट्राबद्दल, पुलकेशीबद्दल लिहून ठेवलंय, ती चिनी तर आणखी वेगळी. मॅडमनी हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलं होतं: पाया माझ्याकडे, पुढचं विद्यापीठात. जेएनयूत किंवा शांतिनिकेतनच्या चीना भवनात बी.ए.पासून पीएचडीपर्यंत सोय आहे. चीना भवन तर १९३७ पासूनचं. मला हा खरेपणा फार आवडला. बी.ए.च्या प्रवेशासाठीच्या सीयूईटी परीक्षेची तयारी इथं होत नाही, ती आम्ही वेगळी केली.

फी महिना बाराशे. गाडी लावायला जागा नाही. वही मात्र गणिताची, चौकटीची घ्या. एका अक्षराला चार घरं लागतात.