नोटपॅड प्लस प्लस: रेट लिस्टवाल्यांसाठी पाचपैकी चार तारे

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या कारखान्यात ऑफिसचं काम बघते. रेट लिस्ट चार जणांच्या हातून फिरून येते, त्यामुळे इंग्रजीतला ‘रेड’ कुठे सगळा कॅपिटल, कुठे नुसतं पहिलं अक्षर कॅपिटल, कुठे सगळा स्मॉल. असल्या फायली सरळ करायला नोटपॅड प्लस प्लस, म्हणजे साधा मजकूर एडिट करायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, फक्त विंडोजवर चालतं, आणि आमच्या जुन्या कॉम्प्युटरवरही चटकन उघडतं.

समजा सगळीकडे ‘रेड’चं ‘मरून’ करायचंय, तर कंट्रोल-एच दाबायचं, शोधून बदलायची खिडकी उघडते. ‘मॅच केस’ला (कॅपिटल-स्मॉल जुळवून शोधायची सोय) टिक नसेल तर तिन्ही रेड सापडतात, पण तिन्हींच्या जागी तुम्ही टाइप केलंय तसंच्या तसं ‘मरून’ बसतं. स्मॉलमध्ये टाइप केलं की हेडिंगसुद्धा स्मॉल! एमएस वर्ड मात्र ही टिक नसताना जुन्या शब्दाचं कॅपिटल-स्मॉल सांभाळून घेतं. व्हीएस कोड या दुसऱ्या एडिटरमध्ये तर ‘प्रिझर्व्ह केस’चं बटणच आहे. नोटपॅड प्लस प्लसमध्ये मात्र टिक मारून तीनदा रिप्लेस करत बसा. एक तारा त्याचाच कापला.

‘होल वर्ड’लाही (फक्त अख्खा शब्द शोधायची सोय) टिक हवी. नव्या पोराला कॉपीवर मुद्दाम टिक काढून दाखवलं: ‘बॉर्डर्ड’च्या स्पेलिंगच्या शेवटी रेड दडलाय, त्याचं ‘बॉर्डेमरून’ झालं. पोरगं हसून बेजार. बाहेरच्या पार्टीला असली लिस्ट गेली तर मालक हसणार नाहीत.

आयटम कोड कॅपिटल करायला मात्र याला तोड नाही. रेग्युलर एक्स्प्रेशन (नमुना देऊन शोधायची सोय) निवडायचं, रिप्लेसच्या जागी बॅकस्लॅश, कॅपिटल यू, डॉलर, शून्य. सापडलेला सगळा मजकूर कॅपिटल! तिथे स्मॉल यू दिला तर फक्त पहिलं अक्षर बदलतं. आणि चौकोनी कंसात कॅपिटल ए ते झेड देऊन नुसती कॅपिटल अक्षरं शोधत असाल, तर ‘मॅच केस’ला टिक हवीच, नाहीतर स्मॉलही उचलतं. मराठी ओळींना या टिकेचा काही फरक पडत नाही, देवनागरीत ती भानगडच नाही.

कालची टिक आजही तशीच राहते बरं का. म्हणून मी आधी फाइंडमध्ये जाऊन ‘काउंट’ दाबते. समोर रेड दिसतोय आणि आकडा शून्य, म्हणजे टिक राहिलीय.

हेडिंगंच जास्त असतील तर व्हीएस कोड घ्या, तेही फुकट आहे. आमच्या ऑफिसात मात्र ते उघडेपर्यंत चहा येऊन जातो.