मॅनफ्रोटो ०५५ ट्रायपॉड आणि ५०० फ्लुइड हेड: स्पॉटिंग स्कोपखाली पाच हिवाळे वापरल्यावर

गेल्या जानेवारीत भिगवणला, उजनी धरणाच्या पाण्यालगत कुंभारगावच्या काठावर, पट्टकादंबांचा (बार-हेडेड गूज) थवा चिखलावर उतरला होता. दीडशे तरी असतील. माझ्यापासून अंतर अंदाजे ३०० मीटर. त्यातल्या एकाच्या गळ्यात प्लास्टिकची कॉलर दिसली. या पक्ष्यांना अशा कॉलर मंगोलियात घालतात, आणि तिच्यावरचं अक्षर आणि आकडे वाचता आले तर तो पक्षी कुठून आला ते कळतं. स्कोप, म्हणजे लांबचं बघायची एका डोळ्याची दुर्बीण, ६० पटीवर नेला की ३०० मीटरवरची कॉलर ५ मीटरवरून बघितल्यासारखी दिसते. पण थरथरही ६० पटीने मोठी होते. दहा वाजून गेले होते, पाण्यावरून वारा सुटला होता. मी हँडलवरून हात काढला, मनात एक-दोन म्हटलं आणि चित्र थांबलं. कादंबाने मान वळवली तेव्हा एक एक करून अक्षरं सांगितली, आमच्या हिने वहीत लिहून घेतली. पुन्हा तपासली, तीच निघाली.

ट्रायपॉड चांगला की वाईट हे मी एवढ्यावरच ठरवतो. स्कोपला बोटाने हलकी टिचकी मारायची आणि चित्र स्थिर व्हायला किती वेळ लागतो ते मोजायचं. या जोडीवर, मधला खांब खाली असताना, ६० पटीला दोन सेकंदांच्या आत काम होतं.

मी चिंचवडला टूलरूममध्ये ३१ वर्षं काढली. लेथवर, मग जिग बोअरिंगवर. त्यामुळे एखादी वस्तू हातात आली की तिच्यात प्ले, म्हणजे सांध्यातला सैलपणा, किती आहे ते आधी बघतो. माझा स्कोप २०-६० पटीचा, ८० मिमीच्या भिंगाचा, तिरक्या आयपीसचा आहे, वजन दीड किलोच्या वर. मुलगी याच ट्रायपॉडवर तिचा कॅमेरा आणि १५०-६०० ची लेन्स लावते. हे सगळं त्या वापरातून लिहितो आहे. घरात बसून व्हिडिओ करणाऱ्याला यातलं बरंच लागू पडणार नाही.

पहिला ट्रायपॉड मी ऑनलाइन मागवला होता, दोन हजारांच्या आतला. नाव लिहीत नाही. खोक्यावर ‘५ किलो क्षमता’ छापलं होतं आणि माझा स्कोप त्यापेक्षा कितीतरी हलका, म्हणून निर्धास्त होतो. २१ डिसेंबर २०२० ला गुरू आणि शनी एकमेकांजवळ आले, अंतर अंशाच्या दहाव्या भागाएवढं. एकाच वर्तुळात गुरूचे चंद्र आणि शनीची कडी, असं दृश्य आयुष्यात पुन्हा मिळायचं नाही. सूर्य मावळल्यापासून ग्रह क्षितिजाला टेकेपर्यंत जेमतेम दोन-सव्वादोन तास. गच्चीवर सोसायटीतली वीसेक माणसं रांगेत उभी होती. जो डोळा लावायला यायचा त्याचा हात आयपीसला लागायचा आणि शनी उड्या मारायला लागायचा. शांत व्हायला आठ-नऊ सेकंद लागायचे, तेवढ्यात मागचा माणूस पाय बदलायचा. हेडचा, म्हणजे पायांवर बसणाऱ्या फिरत्या डोक्याचा, स्क्रू आवळून हात सोडला की स्कोप आपल्या वजनाने अर्धा अंश खाली बसायचा, म्हणजे ग्रह वर्तुळाच्या काठाला. लहान मुलांनी ‘दिसलं, दिसलं’ म्हटलं, पण मला माहीत होतं की निम्म्यांना काही नीट दिसलेलं नाही. त्या संध्याकाळचं मला अजून वाईट वाटतं. पुढच्या महिन्यात त्याच ट्रायपॉडची प्लास्टिकची कॉलर भिगवणच्या चिखलात तडकली.

खोक्यावरचा किलोचा आकडा सांगतो की तेवढ्या वजनाने ट्रायपॉड मोडणार नाही. हलणार नाही असं तो कुठेच म्हणत नाही. लेथवर काम केलेल्याला हे लगेच समजेल. भोक आतून कापणारा बोअरिंग बार त्याला धरणाऱ्या टूल पोस्टच्या बाहेर जास्त काढला की जॉबवर चॅटर, म्हणजे थरथरीच्या खुणा, येतं. बार मोडत नाही, पण फिनिश जातं. लोखंडी बार जाडीच्या चौपटीपेक्षा जास्त बाहेर काढू नये असं आम्हाला शिकवलं, कारण लांबी दुप्पट केली की तेवढ्याच जोराला वाक आठपट होतो. ट्रायपॉडचा मधला खांब म्हणजे तोच बार. वर खेचला की तीन पायांवरचा स्कोप एका काठीवर येऊन बसतो. म्हणून पहिला नियम असा की मधला खांब न उचलता डोळ्यापर्यंत उंची मिळाली पाहिजे. दुसरा, पाय उघडताना आधी वरच्या जाड नळ्या, सर्वांत बारीक नळी शेवटी. तिसरा, सांधे जितके कमी तितकं बरं. पाच भागांचा पाय पिशवीत छोटा होतो खरा, पण त्याची शेवटची नळी अंगठ्याएवढी उरते.

हा ट्रायपॉड मी नवा घेतला नाही. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका ओळखीच्या मुलाने कामाचा पसारा कमी केला, त्याच्याकडून पाय आणि हेड मिळून १७ हजारांना घेतलं. जुना ट्रायपॉड घेताना काय बघायचं ते जरा सविस्तर सांगतो, कारण बऱ्याच जणांना हाच रस्ता परवडणारा आहे. तिन्ही पाय पूर्ण उघडायचे, सगळी कुलपं लावायची आणि वरून दोन्ही हातांनी अंगाचा भार टाकायचा. एक मिलिमीटरसुद्धा नळी आत सरकता कामा नये. मग वरचा भाग धरून, स्टिअरिंग फिरवल्यासारखा, हलकासा पीळ द्यायचा. पाय जिथे डोक्याला जोडलेले असतात तिथे प्ले असेल तर हाताला लगेच कळतो, कानालाही कळतो, बारीक ‘टिक’ येते. तो बोल्ट किल्लीने आवळून सुटत असेल तर हरकत नाही. भोकच वाढलेलं असेल तर तिथून उठायचं. हेडचा ३/८ इंची स्क्रू काढून आटे बघायचे. अ‍ॅल्युमिनियममधले आटे एकदा घासले की पुन्हा धरत नाहीत. मी वर्षानुवर्षं हेच काम केलं, तरी या तपासणीला अर्धा तास घेतला. त्या मुलाने चहा मागवला आणि न कंटाळता बसून राहिला. त्याने वस्तू जिवापाड सांभाळली होती, प्रत्येक आटा नव्यासारखा होता.

आता मापं. ०५५ चं माझं मॉडेल अ‍ॅल्युमिनियमचं, तीन भागांचं. वजन अडीच किलो, मिटल्यावर ६१ सेंमी. खांब खाली ठेवून उंची १४० सेंमी, खांब वर काढून १७०. हेडचे साधारण १० सेंमी धरा. माझी उंची ५ फूट ६ इंच, डोळा साधारण १५६ सेंमीवर. तिरक्या आयपीसमध्ये वरून खाली वाकून बघायचं असतं, त्यामुळे मला खालची नळी पूर्ण काढावीच लागत नाही. सरळ आयपीसचा स्कोप असणाऱ्याला मात्र डोळ्याच्या रेषेत उंची लागते आणि सहा फुटी माणसाला हा ट्रायपॉड खांब उचलल्याशिवाय पुरणार नाही. स्कोप घेतानाच तिरका घ्या, असं मी सगळ्यांना सांगतो. ट्रायपॉड आखूड चालतो, आखूड म्हणजे कडक, आणि गच्चीवर मुलं रांगेत असली की उंच-बुटके सगळे त्यातूनच बघू शकतात.

हेडबद्दल लोक सर्वांत कमी विचार करतात आणि सगळा त्रास तिथूनच येतो. बॉल हेड कॅमेऱ्याला झकास, स्कोपला नको. नॉब सैल केला की लांब स्कोप एका बाजूला कलंडतो. स्कोपला दोनच हालचाली हव्यात, वर-खाली आणि डावी-उजवी, त्याही लोण्यासारख्या. ५०० हे व्हिडिओचं फ्लुइड हेड, वजन ९०० ग्रॅमच्या आसपास. हँडल ढकलायला लागलात की ते अडखळत नाही, सुरुवातीचा झटका येत नाही. ६० पटीला माझ्या स्कोपचं दृश्य जेमतेम एक अंशाचं आहे. आकाश तासाला १५ अंश सरकतं, म्हणजे गुरू चार मिनिटांत या काठापासून त्या काठाला. त्याला मध्ये ठेवायला दर अर्ध्या मिनिटाला केसभर हलवावं लागतं, आणि ते केसभर हलणं या हेडवर जमतं.

त्याची वरची प्लेट लांब आहे, मागेपुढे सरकते. स्कोप लावल्यावर आधी प्लेट सरकवून तोल काढायचा. कुलूप उघडं ठेवून हात सोडला तरी स्कोप जिथल्या तिथे राहिला पाहिजे. पुष्कळ जण हे न करता कुलूप गच्च आवळत बसतात. प्लेटवर स्क्रूशेजारी एक छोटी पिन असते. बऱ्याच स्कोपच्या पायाला तिच्यासाठी भोक असतं. पिन त्यात बसवली की स्कोप प्लेटवर गोल फिरत नाही. पक्षी बघणाऱ्या कितीतरी मित्रांना ती पिन कशासाठी आहे हे मी दाखवलं तेव्हा कळलं. प्लेट आर्का पद्धतीची (बऱ्याच कॅमेरा हेडांवर चालणारी) नाही, हे मात्र लक्षात ठेवा. घरात कॅमेऱ्याच्या आर्का प्लेटा असतील तर त्या इथे बसणार नाहीत. मुलगी कॅमेऱ्यासाठी वेगळं बॉल हेड ठेवते, दोन्ही हेडांना ३/८ चाच स्क्रू लागत असल्यामुळे बदलायला मिनिटभर लागतं.

भिगवणच्या चिखलात खटक्याची कुलपं मला आवडतात. पिळाच्या कुलपात वाळू गेली की आट्यांमध्ये करकरते आणि उघडून धुवावी लागतात. खटक्याचं कुलूप लागलं की नाही ते लांबून नजरेनेही दिसतं. तरी चिखलात उभं करताना खालची नळी थोडी बाहेर काढायची, म्हणजे सांधा चिखलाच्या वर राहतो. घरी आल्यावर साध्या पाण्याने धुवायचं, पाय उघडे ठेवून वाळवायचं, तेल लावायचं नाही. तेलाला धूळ चिकटते. वाऱ्यात मधल्या खांबाला पिशवी टांगतात, ती हवेत लोंबती ठेवली तर घड्याळाच्या लंबकासारखी झुलते आणि उलट हादरा देते. पिशवी जमिनीला टेकलेली हवी. उतारावर एक पाय उताराच्या बाजूला, दोन वरच्या बाजूला.

रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला होडीत बसणार असाल तर ट्रायपॉड काठावर ठेवून जा. होडीच हलते, तिच्यावर उभं केलेलं सगळंच हलतं, शिवाय शेजारच्याच्या पायात येतं. होडीत स्कोपही नको, दुर्बीण बरी. कॅमेऱ्याखाली कापडी पिशवीत तांदूळ भरून ती होडीच्या काठावर ठेवली की काम होतं, संध्याकाळी तेच तांदूळ होडीवाल्या दादांच्या घरी देऊन येतो आणि त्यांच्याकडे चिलापी माशाचं जेवण जेवतो.

मुलगी सप्टेंबरात कासला हाच ट्रायपॉड नेते. मधला खांब वर काढून आडवा करता येतो, तिला तेच पाहिजे असतं. स्वतः वाटेवर उभी राहून कॅमेरा हातभर आत फुलांवर नेता येतो, एका रोपावरही पाय पडत नाही. त्या वेळी एक पाय खांबाच्या दिशेनेच ठेवायचा, नाहीतर सगळं पुढे आडवं होतं. आडव्या खांबावर चॅटर आलंच, म्हणून ती दोन सेकंदांच्या टायमरवर फोटो काढते, बटणाला हात लागत नाही.

वजनाचा विचार नीट करा. पाय आणि हेड मिळून ३ किलो ४०० ग्रॅम, वर स्कोप. गाडीपासून अर्धा किलोमीटर चालायला काही वाटत नाही. हरिश्चंद्रगडाला मी तो नेणार नाही. डोंगर चढणाऱ्याने कार्बन फायबरचे पाय बघावेत, ते हलके असतात आणि थरथरही लवकर जिरवतात, पैसे मात्र जास्त पडतात. आणि वजन वाचवायचं म्हणून पायांची जाडी कमी करू नका. माझ्या ०५५ ची वरची नळी सुमारे ३० मिमीची आहे आणि ८० मिमीच्या स्कोपखाली त्याहून बारीक मी घेणार नाही. ६५ मिमीचा स्कोप असेल किंवा ३० पटीच्या वर जायचंच नसेल तर एक पायरी हलका चालेल.

दुकानात जाताना आपला स्कोप बरोबर न्या. दुकानदाराला रस्त्यापलीकडची पाटी दाखवायला सांगा, सर्वांत जास्त पटीवर न्या, टिचकी मारा आणि मोजा. तीन सेकंदांच्या वर गेलं तर दुसरा मागा. टिचकी मारू न देणाऱ्या दुकानातून घेऊ नका.

या जानेवारीत पुन्हा गच्चीवर स्कोप लावला होता. गुरू पूर्वेला चांगला वर आला होता. तिसऱ्या मजल्यावरची सात वर्षांची मुलगी २०२० ला आईच्या कडेवर होती. ती स्टुलावर चढली, सवयीने दोन्ही हातांनी आयपीस धरला. मी ‘हात सोड बाळा’ म्हटलं, तिने सोडला. थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘आजोबा, एका बाजूला तीन आहेत आणि एक एकटाच आहे.’’