१२०० जीएसएमचा गाडी पुसायचा टॉवेल : उन्हाळा आणि पावसाळा काढल्यानंतर

पाकिटावर १२०० जीएसएम छापलेल्या माझ्या टॉवेलचे वजन कमी भरल्याच्या तक्रारीला विक्रेत्याचे उत्तर अखेर गेल्या आठवड्यात आले. ‘आमचा टॉवेल दोन्ही बाजूंनी वापरता येतो, त्यामुळे जीएसएम दोन्ही बाजूंचे मिळून मोजले जाते,’ असे त्यात म्हटले आहे. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले वजन, हे येथे कोणाला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. ते उत्तर ज्यांनी लिहिले त्यांना मात्र असावी. कापड काट्यावर ठेवले की त्याच्या दोन्ही बाजू आपोआपच काट्यावर येतात.

हिशेब साधा आहे. टॉवेल ९० बाय ७० सेंटिमीटरचा, म्हणजे ०.६३ चौरस मीटर. पाकिटावरच्या १२०० जीएसएमप्रमाणे त्याचे वजन ७५६ ग्रॅम भरायला हवे. आमच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ते ५६० ग्रॅम भरले. घरचा काटा चुकत असेल म्हणून तो वाण्याकडे नेला, तेथेही ५६०च. ‘काका, टॉवेल किलोवर घेतलात का?’ असे वाण्याने विचारले. घेतला नव्हता, पण विकला तसाच होता. प्रत्यक्षात हा टॉवेल सुमारे ८८९ जीएसएमचा आहे, आणि ज्या वजनाचे मी १,२४९ रुपये मोजले त्यातला एक चतुर्थांशाहून थोडा अधिक भाग पाकिटात नव्हताच. दोन्ही बाजूंची बेरीज करण्याचा त्यांचा दावा मान्य केला, तरी ती बेरीज ८८९च्या पुढे जात नाही.

हे बाजूला ठेवून कामाविषयी सांगायचे, तर टॉवेल चांगला आहे, आणि हे लिहिताना मला थोडे जडच जाते आहे. माझी गाडी काळी आहे आणि ती मुलुंडला स्टिल्ट पार्किंगमध्ये उभी असते. लालबहादूर शास्त्री मार्गावर मेट्रो ४ चे बांधकाम सुरू झाल्यापासून तिच्यावर बसणारी धूळ ही पूर्वीची धूळ राहिलेली नाही. तिच्यात सिमेंट आणि वाळूचा बारीक चुरा असतो. वाळूतले क्वार्ट्झ हे गाडीच्या रंगावरच्या पारदर्शक थरापेक्षा, म्हणजे क्लिअर कोटपेक्षा, कितीतरी कठीण असते. हा थर बहुतेक गाड्यांवर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ असतो. पुसताना कापडाखाली एक कण अडकला की तो हात जाईल तेथे चरा ओढत जातो, आणि काळ्या रंगावर ते चरे उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसतात. ते जाळे गोल दिसते, परंतु चरे गोल नसतात. ते सर्व दिशांना असतात आणि त्यांपैकी प्रकाशाला आडवे असलेलेच चमकतात. म्हणूनच ‘गोल पुसू नका, सरळ पुसा’ हा सल्ला अर्धवट आहे. सरळ पुसूनही चरे पडतात, फक्त ते एका दिशेने असतात.

यापूर्वी मी पिवळा शॅमी, म्हणजे पाणी टिपायचे सपाट कापड, वापरत असे, तोच नळकांड्यात मिळणारा, वाळला की पापडासारखा कडक होणारा. पाणी तो उत्तम शोषतो. मात्र त्याचा पृष्ठभाग सपाट असल्यामुळे कण आत शिरायला जागाच नसते आणि कण रंग व शॅमी यांच्या मध्ये राहून घासले जातात. या टॉवेलला पीळ दिलेल्या लांब धाग्यांच्या वळ्या आहेत, त्यामुळे राहिलेसाहिलेले कण आत ओढले जातात. जुन्या सीडीच्या चकचकीत बाजूवर मी टॉवेलचा मधला भाग घासून पाहिला, एकही रेघ उमटली नाही. काठाची शिवण घासली तेव्हा मात्र रेघा उमटल्या, आणि कोपऱ्यात शिवलेल्या कंपनीच्या लेबलाने तर सर्वांत ठळक. ते लेबल मी शिवण उसवायच्या हत्याराने त्याच दिवशी काढून टाकले. वजनात घट झाल्याचा आरोप माझ्यावर येऊ नये म्हणून हेही नमूद करतो, की ५६० ग्रॅम हे लेबलासह भरलेले वजन आहे.

पुसण्याच्या पद्धतीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण टॉवेलपेक्षा तिच्यावर अधिक अवलंबून आहे. आमच्या सोसायटीत गाडी धुण्यासाठी पाइप लावायला मनाई आहे. त्यामुळे शेवटचे स्वच्छ पाणी मी मगने ओततो, परंतु उंचावरून नव्हे. मगची कड पत्र्याच्या अगदी जवळ धरून, सावकाश, छपरापासून खाली. अशा रीतीने ओतलेले पाणी एकसंध पडद्यासारखे घसरते आणि जाताना बरेचसे थेंब आपल्याबरोबर नेते. उरते ते टॉवेलचे काम. टॉवेल आधी किंचित ओला करून पिळून घ्यावा, कारण त्याचा मायक्रोफायबर, म्हणजे अतिबारीक कृत्रिम धाग्यांचे कापड, कोरडा असताना पहिल्या क्षणी पाणी पुढे ढकलतो. मग तो बॉनेटवर पूर्ण पसरायचा, पुढची दोन टोके धरायची आणि न दाबता स्वतःकडे ओढायचा. तळहात दाबून पुसण्याची सवय मोडायला मला वेळ लागला, पण मुख्य लाभ याच सवयीच्या मोडण्यात आहे. दारांच्या कडा, उंबरे, चाके आणि नंबर प्लेटभोवतीचा भाग यांना हा टॉवेल कधीही लावू नये. तेथे घाण असते, शिवाय नंबर प्लेटच्या कोपऱ्यात वळी अडकून धागा निघतो. जमिनीवर पडलेला टॉवेल धुतल्याखेरीज रंगाला लावायचा नाही, हे वेगळे सांगायला नको.

आमच्या पार्किंगमधल्या नळाला बोअरिंगचे पाणी येते. भांडुपचे एवढे मोठे जलशुद्धीकरण केंद्र शेजारच्या उपनगरात असताना आम्ही गाड्या क्षारयुक्त पाण्याने धुतो. अर्थात पिण्याचे पाणी गाडीवर ओतणेही मला पटत नाही. या पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार थेंब वाळला की पांढरा डाग होऊन राहतात. म्हणून धुणे आणि पुसणे यांत वेळ जाऊ देता येत नाही, आणि येथे मोठा टॉवेल उपयोगी पडतो. तो मध्ये पिळावा लागत नाही. पूर्ण गाडी पुसल्यावर त्याचे वजन १ किलो ४०० ग्रॅम भरले, म्हणजे ८४० मिलिलिटर पाणी त्याने घेतले होते आणि तरीही तो गळत नव्हता.

जूनपर्यंत माझे मत असे होते, की टॉवेल उत्तम असून विक्रेता लबाड आहे. पावसाळ्यात यातल्या पहिल्या भागाची फेरतपासणी करावी लागली. गाडी कोरडी करणारा हा टॉवेल स्वतः कोरडा होत नाही. जुलैमध्ये मुंबईच्या हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते. गॅलरीच्या ग्रिलवर टाकलेला टॉवेल दुसऱ्या दिवशीही मधोमध ओला असे आणि तिसऱ्या दिवशी त्याला कुबट वास येऊ लागे. मशीनमध्ये फिरवून, रात्रभर पंख्याखाली खुर्चीवर पसरूनही वास पुरता गेला नाही. घरात त्या खुर्चीविषयी जे बोलले गेले ते येथे लिहिण्यासारखे नाही. विजेचा खर्च धरला, तर पावसाळ्यात गाडी पुसण्यापेक्षा टॉवेल वाळवणे महाग पडते. तेव्हा पहिल्यांदा असा विचार आला, की तो खरोखरच १२०० जीएसएमचा निघाला असता, तर तो गणपतीपर्यंत वाळलाच नसता.

तरीही माझी तक्रार कायम आहे. कमी वजन माझ्या सोयीचे ठरले, यामुळे छापलेला आकडा खरा होत नाही. वजनातल्या तुटीच्या प्रमाणात ३२४ रुपये परत मिळावेत, एवढीच माझी मागणी होती. त्यांनी पुढच्या खरेदीवर १५० रुपयांचे कूपन देऊ केले, तेही किमान ९९९ रुपयांच्या खरेदीवर. मी ते नाकारून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, आणि दोन्ही बाजूंच्या बेरजेचे वर उद्धृत केलेले उत्तर त्यानंतरच आले. तक्रार मी अजून मागे घेतलेली नाही.

धुण्याबाबत एवढेच, की फॅब्रिक कंडिशनर वापरू नये. त्याचा थर धाग्यांवर बसून शोषण्याची क्षमता जाते. पावडरऐवजी द्रव साबण, कोमट पाणी, आणि सुती कपड्यांपासून वेगळे धुणे, कारण सुती कपड्यांचे तंतू वळ्यांत अडकून पुढच्या वेळी गाडीवर दिसतात.

पावसाळ्यासाठी मी ६० बाय ४० चे, ६०० जीएसएमचे दोन साधे टॉवेल घेतले. गाडी पुसताना एक भिजला की दुसरा घ्यावा लागतो, पण दोन्ही दुसऱ्या दिवसापर्यंत वाळतात आणि दोघांची मिळून किंमत मोठ्या टॉवेलच्या निम्म्याहून कमी आहे. हिशेबाने प्रत्येकी १४४ ग्रॅम भरायला हवेत. १४१ आणि १४३ भरले. एवढी तूट मी सोडून देतो. मोठा टॉवेल ऑक्टोबरच्या उन्हात दुपारपर्यंत वाळू लागल्याने पुन्हा वापरात आला आहे. ज्यांच्याकडे गच्ची किंवा दक्षिणेकडची गॅलरी आहे त्यांनी तो जरूर घ्यावा. इतरांनी लहान दोन घ्यावेत, आणि कोणताही घेतला तरी परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी त्याचे वजन करून पाहावे.