व्हेरिकोज व्हेन्सच्या फॉलोअपला कोणती प्रश्नावली: एव्हीव्हीक्यू की सिव्हिक?

व्हेरिकोज व्हेन्सवर, म्हणजे पायाच्या फुगलेल्या शिरांवर, लेझर किंवा आरएफए (रेडिओलहरींच्या उष्णतेने शीर बंद करणं) झाल्यावर डॉपलरमध्ये, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, शीर बंद दिसली की आपण डॉक्टर निश्चिंत होतो. संध्याकाळी पाय अजून जड होतो का, हे मात्र डॉपलर सांगत नाही. व्हीसीएसएस (आजाराची तीव्रता मोजणारा तक्ता) आपण भरतोच, पण ते डॉक्टरने दिलेले गुण. पेशंटच्या हातात कोणता कागद द्यायचा, हा प्रश्न उरतोच. ॲबर्डीनची एव्हीव्हीक्यू आणि फ्रान्समधली सिव्हिक-20, या पेशंटचा त्रास त्याच्याच उत्तरांतून मोजणाऱ्या दोन्ही प्रश्नावल्या मी वापरल्या आहेत.

एव्हीव्हीक्यूचं वजन मोठं आहे. 1993 सालची ही प्रश्नावली खास व्हेरिकोज व्हेन्ससाठीच बनवलेली. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने (एनएचएस) 2009 पासून काही वर्षं ऑपरेशनच्या आधी आणि नंतर हीच भरून घेतली. लेझर, फोम (शिरेत औषधाचा फेस सोडणं) आणि शस्त्रक्रिया यांची तुलना करणाऱ्या क्लास चाचणीत 798 पेशंट होते, तिथेही मुख्य मोजमापांत ही होती. पाच वर्षांनंतर फोमपेक्षा लेझर आणि शस्त्रक्रियेचे पेशंट बरे निघाले, ते हिच्याच गुणांवर. शोधनिबंध लिहायचा असेल, तर आपले आकडे इतरांच्या शेजारी ठेवायला हिच्यासारखी सोय नाही.

तरी मी ती बाजूला ठेवली, आणि कारण एकच: चित्र. पायांची पुढून-मागून आकृती दिलेली असते, तिच्यावर पेशंटने आपल्या शिरा काढायच्या आणि नंतर आपण जाळी ठेवून चौकोन मोजायचे. आता गुडघ्यामागची शीर स्वतःची स्वतःला कशी दिसणार? कोणी आरशात बघून काढतं, कोणी सोबतच्या मुलाला काढायला लावतं, आणि पुढच्या वेळी सोबत सून आलेली असते. हात बदलला की चित्र बदलतं. त्याहून त्रासाची गोष्ट उपचारानंतरच्या सहाव्या आठवड्यातली. बंद झालेली शीर मांडीच्या आतल्या बाजूला कडक दोरीसारखी हाताला लागते, वर तपकिरी पट्टा दिसतो. पेशंट नेमकी तीच रेघ ठळक ओढतो. म्हणजे उपचार लागू पडल्याची खूण आजाराच्या खात्यात जमा! काहीजण तर चित्र कोरंच सोडतात, मग बेरीज अडते.

सिव्हिकमध्ये चित्र नाही. वीस प्रश्न, प्रत्येकाला 1 ते 5. जिना चढणं, उकिडवं बसणं, बराच वेळ उभं राहणं, प्रवास, झोप. फोनवरूनही विचारून होते, त्यामुळे वर्षानंतरचा फॉलोअप हातचा जात नाही. एका बाईंनी दुखण्याच्या प्रश्नांना सगळीकडे 2 दिले आणि ‘मी इतरांवर ओझं आहे’ याला सरळ 5. तपासणीच्या खोलीत त्या हे कधीच बोलल्या नसत्या. असं काही कागदावर उतरलं की पुढचं बोलणंच वेगळं होतं.

सिव्हिकच्याही अडचणी आहेत. ती मागच्या चार आठवड्यांबद्दल विचारते, त्यामुळे पंधराव्या दिवशी दिली तर उपचाराआधीचं दुखणंही त्यात मिसळतं. गुणांची दिशाही सगळीकडे एक नाही. कुठे जास्त म्हणजे वाईट, कुठे उलटं. आपण कुठली धरली ते अहवालात लिहिलेलं बरं. आणि ज्याला दुखत नाही, फक्त शिरा दिसतात म्हणून जो आला, त्याचे गुण आधीच चांगले असतात, सुधारायला फारशी जागा नसते. तुमच्याकडे असेच पेशंट जास्त असतील, तर कदाचित एव्हीव्हीक्यूच बरी पडेल, चित्रासकट. पाय जड होणं, ठणकणं, रात्री झोप न लागणं या तक्रारी घेऊन येणारे जास्त असतील, तर मी सिव्हिककडे झुकेन.

कुठलीही घ्या, पहिली प्रत उपचार ठरला त्याच भेटीत भरून घ्या. लेझरच्या दिवशी सकाळी पेशंट घाबरलेला असतो, आणि ती भीती झोपेच्या आणि मनाच्या प्रश्नांत उतरते.